शर्यतीचा घोडा आणि त्याची अकाली निवृत्ती

कुंडलच्या कुस्ती मैदानात अजिंक्य ठरलेल्या मल्लाने ऐन उमेदीत लंगोट खुंटीला टांगला, तर सारा तालुका हळहळेल. शर्यतीच्या घोड्याच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट व्यवहारचातुर्य मानली जाते. १९७३ साली अमेरिकेतील सेक्रेटरिएट या घोड्याचे ३२ हिस्से पाडून ते ६० लाख ८० हजार डॉलरांना विकण्यात आले, आणि वयाच्या तिसऱ्या वर्षाचा हंगाम सरताच त्याने धावणे थांबवून पैदाशीला लागावे, अशी अट करारात होती. त्याच्या साऱ्या कारकिर्दीची बक्षिसे मात्र १३ लाखांच्या आसपासच भरली. पाय मोडला की भांडवल बुडाले, आणि थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतनाची संतती नोंदवहीत दाखलच होत नसल्यामुळे नामांकित वळू घोड्याचा भाव चढाच, हा तो जमाखर्च होय.

आमच्याकडे खिलार वळू पारखताना जाणता शेतकरी आधी खूर दाबून पाहतो, खडकाळ वाटेवर त्याला चार पावले चालवतो, पाय टेकताना तो कचरतो का हे न्याहाळतो, आणि मगच गाय फळवण्याचा विचार करतो. ज्या घोड्याच्या पायांची पुरती कसोटी झालीच नाही, त्याचा वेग संततीत उतरेल तसा ठिसूळपणाही उतरेल, ही माझी खरी धास्ती आहे. महालक्ष्मीच्या मैदानावरील इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते; त्यानंतर आणखी एक पूर्ण हंगाम निर्दोष पायांनी धावल्याचा दाखला असल्याखेरीज कोणत्याही घोड्याची वळू म्हणून नोंद होऊ नये, एवढा एक नियम आपल्या अश्वपैदाशीला आज हवा आहे.