फ्रेंच शिकायचं, तर इंग्रजीच्याच दारातून का?

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या मुलीनं विद्यापीठात फ्रेंचच्या सुरुवातीच्या वर्गात नाव घातलं, की तिला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. घरचे विचारतात, यानं नोकरी लागते का? वर्गातले विचारतात, तुझं इंग्रजी तरी धड आहे का? आणि आपल्याच संघटनेतल्या मैत्रिणी विचारतात, इथं मुलींना कॉलेजला जायला वेळेवर एस.टी. नाही, तुला फ्रेंच कसलं सुचतंय?

हे तिन्ही प्रश्न मला विचारले गेले आहेत. एम.एस.डब्ल्यू. करताना मी एका विद्यापीठात फ्रेंचचा प्रारंभिक वर्ग केला. आज मी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत बायकांच्या गटांबरोबर काम करते. या प्रश्नांवर आपण चळवळीतल्या बायकांनी नीट बोलायला हवं असं मला वाटतं, कारण प्रश्न एका भाषेपुरता नाही. कुठल्या मुलीनं काय शिकावं हे कोण ठरवतं, असा तो प्रश्न आहे.

मैत्रिणींच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सर्वांत प्रामाणिक आहे. खरंच आहे, बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो आणि २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गाडीच आली नाही तर पास काय कामाचा? गाडीसाठी भांडायलाच हवं. पण गाडी मिळेपर्यंत मुलींनी बाकी काही मागूच नये का? मी ज्या योजनांमध्ये काम केलं त्यांत गरीब मुलींसाठी ठरलेली प्रशिक्षणं असतात. शिवणकाम, मेंदी, ब्युटी पार्लर, पापड-लोणची. यातलं एकही काम हलकं नाही, पण ही यादी कुणी केली? तिला विचारून केली का? श्रीमंताच्या मुलीला आवड असते आणि गरिबाच्या मुलीला फक्त गरज असते, असं धरून आपण चालतो. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. परित्यक्ता आणि विधवा बायकांना आसरा देणं आणि परक्या भाषा शिकणं ही दोन्ही कामं एकाच बाईनं केली. एकासाठी दुसरं थांबलं नाही.

आता 'तुझं इंग्रजी धड आहे का?' या प्रश्नाकडे येते. माझा खरा राग या प्रश्नावर आहे.

आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी विचारलं गेलं, 'इंग्लिश मीडियमचे कोण कोण?' हात वर झाले. आम्ही मराठवाड्याकडच्या सहा मुली मागच्या बाकावर होतो, आमचे हात खाली. पुढे सगळं शिकवणं इंग्रजीतून. फ्रेंच व्याकरणाचा प्रत्येक नियम आधी इंग्रजीत समजून घ्यायचा, मग फ्रेंचमध्ये. स्वाध्यायात विचारलेलं असे, तुम्ही सुट्टीत कुठे फिरायला गेलात? आमच्यातल्या दोघी सुट्टीत कापूस वेचायला जात. त्यासाठी पुस्तकात शब्द नव्हता आणि विचारायची सोय नव्हती. दिवाळीपर्यंत सहापैकी चौघी गळाल्या. 'त्यांना भाषेचा पाया नव्हता' असं नंतर कानावर आलं.

पाया नव्हता? फ्रेंच जसजशी कळू लागली तसं मला उलटंच दिसलं. फ्रेंचमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं. टेबल स्त्रीलिंगी का आणि पुस्तक पुल्लिंगी का, याचा इंग्रजी माध्यमाच्या मुलांना महिनाभर त्रास झाला. आम्हाला त्यात नवल नव्हतं. आपल्याकडे तर तीन लिंगं आहेत, त्यांच्याकडे दोनच. नामाप्रमाणे विशेषण बदलतं, कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलतं, हे आम्ही 'काळा घोडा, काळी गाय' आणि 'मी जाते, तू जातेस' म्हणत घरूनच शिकून आलो होतो. जवळच्याला 'त्यु' आणि मानाच्या माणसाला 'वू' हा फरक इंग्रजीत समजावताना मास्तरांची दमछाक व्हायची. मराठीत दोन शब्दांत झालं असतं, 'तू' आणि 'तुम्ही'.

आणि आकडे! फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस', नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा'. वर्ग हसला, ही काय मोजायची रीत! आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजूनही विसानंच मोजतात. 'तीन विसा अन् पाच' म्हणजे पासष्ट. बचत गटात अशी मोजणाऱ्या आजीला आपण अडाणी म्हणतो. तीच रीत पॅरिसच्या दुकानात चालते तेव्हा तिला भाषेचा डौल म्हणतात. त्या आजीला फ्रेंच आकडे एका दुपारी कळले असते.

तेव्हा आम्हाला अडवलं ते फ्रेंचनं नव्हे. मध्ये बसवलेल्या इंग्रजीच्या नाक्यानं अडवलं. इंग्रजी शिकायला माझा विरोध नाही, ती लागतेच. पण जगाकडे जाणारा प्रत्येक रस्ता तिच्याच नाक्यावरून का जावा? मराठवाड्यानं हे एकदा भोगलं आहे. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत होता. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, पण कागद मागे राहिले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना निजामकाळातले उर्दू आणि मोडी दस्तऐवज वाचणारी माणसं धुंडाळावी लागली. ज्याला वाचता येतं त्याच्या हाती किल्ली, बाकीचे दाराबाहेर. बायका तर कायमच दाराबाहेर.

इंग्रजीला बगल देऊन मराठी बाईचा शब्द फ्रेंचमध्ये गेला, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपात आलं १९८६ साली. त्याचा फ्रेंच अनुवाद १९९१ मध्ये पॅरिसमध्ये निघाला. इंग्रजी अनुवाद आला २००८ मध्ये, सतरा वर्षांनी. दया पवारांच्या 'बलुतं'चंही तसंच झालं, फ्रेंच १९९० आणि इंग्रजी २०१५. हे अनुवाद केले गी प्वातव्हँ यांनी. ते मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात राहिले, इथलेच नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्या जोडीनं त्यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. एका फ्रेंच माणसानं मराठी शिकून हे केलं. मग मराठी मुलीनं फ्रेंच शिकून असं काही करावं, ही कल्पना आपल्याला हास्यास्पद का वाटते?

उलट्या बाजूचंही उदाहरण आहे. सिमोन द बोव्हुआरच्या 'द सेकंड सेक्स'चं नाव आपल्या शिबिरांत किती वेळा घेतलं जातं! मूळ फ्रेंच पुस्तक १९४९ चं. १९५३ चा इंग्रजी अनुवाद एका प्राणिशास्त्रज्ञानं केला, आणि प्रकाशकाच्या सांगण्यावरून त्यातला बराच मजकूर गाळला गेला. इतिहासातल्या कितीतरी बायकांची नावं त्यात गेली. संपूर्ण इंग्रजी अनुवाद यायला २००९ साल उजाडलं. मधली पन्नासहून अधिक वर्षं इंग्रजीतून वाचणाऱ्या जगभरच्या बायका कापलेलं पुस्तक वाचत होत्या. दुसऱ्याच्या खिडकीतून बघणारीला खिडकीएवढंच दिसतं.

फ्रेंच भाषा स्त्रियांना न्याय देते असं मात्र कुणी समजू नये. तिथला नियम असा, की शंभर बायकांत एक पुरुष आला तर सगळ्यांसाठी सर्वनाम पुल्लिंगी. आपण नवरा-बायकोबद्दल 'ती दोघं आली' म्हणतो, नपुंसकलिंगी. एकाचं लिंग दुसऱ्यावर चढत नाही. मराठीतली ही समंजस जागा मला फ्रेंच शिकताना पहिल्यांदा दिसली. अर्थात 'सभासद आले', 'विद्यार्थी आले' म्हणताना आपणही बायकांना गिळतोच.

तिथल्या बायका या गोष्टींसाठी भांडल्या. पदांची स्त्रीलिंगी रूपं ठरवायला बनॉइत ग्रू या लेखिकेच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८६ मध्ये सरकारी परिपत्रक निघालं. फ्रेंच अकादमीनं ती रूपं मान्य केली २०१९ मध्ये. आपल्याकडे वाद वेगळ्या दिशेनं चालतो. आपल्याला 'अध्यक्षा', 'लेखिका' सहज मिळतात आणि काहीजणी म्हणतात, नको, मला अध्यक्षच म्हणा. कोण बरोबर? दोन्ही भाषा समोर ठेवल्या की हा वाद जास्त चांगला घालता येतो. तसंच 'मादमुआझेल'चं. लग्न न झालेल्या बाईसाठीचा हा शब्द फ्रान्सनं २०१२ मध्ये सरकारी अर्जांतून काढला. आपल्याकडे 'सौ.' आणि 'कु.' अजून पत्रिकेत, फलकावर, हजेरीवर ठाण मांडून आहेत.

आता पॅरिस सोडून जरा दूर बघू या. फ्रेंचचा वापर असलेले देश पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतही आहेत. बेनिन, बुर्किना फासो, माली, चाड हे चारही देश कापूस पिकवतात. २००३ मध्ये श्रीमंत देशांच्या कापूस-अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत त्यांनी एकत्र आवाज उठवला. बुर्किना फासोनं २००८ मध्ये बीटी कापूस घेतला आणि २०१६ मध्ये सोडला. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून वाण निघाले, आपल्या जिल्ह्यात बीटीवर घरं उभी राहिली आणि बसलीही. कापूस वेचणाऱ्या दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींना सांगण्यासारखं केवढं आहे! आज त्यांची गाठ पडलीच तर मध्ये दोन दुभाषे लागतील.

फ्रेंच तिथं राज्यकर्त्यांबरोबर आली हे विसरून चालणार नाही. मालीनं २०२३ मध्ये तिचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून तिला फक्त कामकाजाची भाषा केलं, बुर्किना फासोनंही तेच केलं. म्हणजे फ्रेंचची पूजा करायची नाही. गाठ पडण्यापुरती, वाचण्यापुरती, आपलं म्हणणं पोचवण्यापुरती ती हातात घ्यायची.

राहिला नोकरीचा प्रश्न. इथं खरं बोलायला हवं. सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या प्रमाणपत्रानं नोकरी लागत नाही. 'ए-वन', 'ए-टू' या पहिल्या पायऱ्या आहेत. अनुवाद, पर्यटन, कंपन्यांमधली कामं यांसाठी पुढच्या दोन पायऱ्या तरी चढाव्या लागतात. मोठ्या शहरांत अकरावी-बारावीला फ्रेंच घेतात ते बहुधा मार्कांसाठी. लातूर पॅटर्नच्या गावात हे समजावून सांगायला नको. उद्या इथंही 'महिन्यात फ्रेंच, हमखास परदेश' असे फलक लागतील आणि बाप कर्ज काढून फी भरतील. ते होऊ द्यायचं नसेल तर ही भाषा सार्वजनिक विद्यापीठात, कमी फीत, नीट शिकवली जायला हवी.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला झालं ते इथल्या मुलामुलींना दूर जावं लागू नये म्हणूनच. विष्णुपुरीच्या परिसरात भाषा, वाङ्मय व संस्कृती अभ्यास संकुल आहे, लातूरला उपपरिसर आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं मुख्य विषयाबाहेरचे विषय निवडायची मुभा दिली आहे. तेव्हा आपल्या गटांनी, आपल्या ओळखीच्या प्राध्यापिकांनी आणि अधिसभेत निवडून गेलेल्या मैत्रिणींनी परकीय भाषेच्या कुठल्याही वर्गाबद्दल काही गोष्टी आग्रहानं मागाव्यात. वर्ग अंधार पडायच्या आत सुटावा, म्हणजे शेवटची गाडी मिळेल. समजावणं मराठीतून व्हावं, आणि उर्दू माध्यमाच्या मुली असतील तर उर्दूतूनही. प्रवेशासाठी इंग्रजीची अट नसावी. स्वाध्यायात कापूस, सोयाबीन, पाण्याची पाळी, बाजारचा दिवस यांना जागा असावी, म्हणजे मुलीला पहिल्या महिन्यात स्वतःबद्दल खरं वाक्य बोलता येईल. आणि मध्येच गळालेल्या मुलींना 'का गेलीस?' असं विचारायची पद्धत असावी.

शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या त्या चौघींना कुणी विचारलं नाही. त्यांतल्या एकीचं लग्न झालं, एक गावी अंगणवाडीत आहे, दोघींचा पत्ता नाही. त्यांना फ्रेंच येत नाही हे काही मोठं नुकसान नसेल. पण आपल्याला भाषाच जमत नाही, असं त्या आयुष्यभर मानून चालतील, हे नुकसान मोठं आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. तुमच्या गावातल्या मुलींना त्याआधी एकदा विचारा, तुला काय शिकायचंय? आणि उत्तर अनपेक्षित आलं तर 'कशाला?' म्हणू नका.