जातीचा दाखला ग्रुपवर का फिरतो?

केळझरमधून दरवर्षी मुलं-मुली सेलू, वर्धा, नागपूरच्या कॉलेजांत जातात. प्रवेशाच्या दिवसांत आम्ही त्यांच्यासोबत शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसतो. तिथे एक गोष्ट वारंवार दिसते. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी येते: या विद्यार्थ्यांचे अर्ज त्रुटीत आहेत, दोन दिवसांत दुरुस्त करा. यादीत नाव, जात, मोबाईल नंबर, कधी आधार क्रमांक आणि बँक खातंही. यादी टाकणाऱ्या बाबूच्या मनात वाईट काही नसतं, त्याला काम उरकायचं असतं. पण त्या क्षणी अख्ख्या वर्गाला कळतं की कोण कोणत्या जातीचं आणि कोणाच्या घरी किती हलाखी.

विद्यापीठांत सायबर सुरक्षेची चर्चा होत नाही असं नाही. यूजीसीने 2022 मध्ये पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम आणला. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस पाळायलाही सांगितलं आहे. पण बहुतेक ठिकाणी हा दिवस म्हणजे एक व्याख्यान, एक फोटो आणि एक अहवाल. व्याख्यानाचा सूरही एकच: ओटीपी देऊ नका, पासवर्ड सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. म्हणजे चूक होणार ती विद्यार्थ्याचीच, असं आधीच ठरलेलं.

एप्रिल 2023 मध्ये एमपीएससीच्या गट ब आणि गट क संयुक्त पूर्वपरीक्षेची नव्वद हजारांहून अधिक प्रवेशपत्रं टेलिग्रामवर आली, तीही परीक्षेला आठवडा राहिला असताना. प्रश्नपत्रिका सुरक्षित असल्याचं आयोगाने सांगितलं. पण त्या परीक्षार्थींनी कोणती चूक केली होती? त्यांनी फक्त अर्ज भरला होता. माहिती ज्याच्या ताब्यात असते, जबाबदारी आधी त्याची असते, हा या घटनेचा धडा आहे.

आपल्या मुलांच्या बाबतीत हा धडा अधिक बोचरा आहे. पूर्ण फी भरून शिकणारा विद्यार्थी कॉलेजला जेवढी कागदपत्रं देतो, त्याच्या दुप्पट आपला विद्यार्थी देतो. महाडीबीटीवर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार आणि वडील हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूचा दाखलाही लागतो. ज्याच्याकडे कमी, त्यालाच जास्त उघडं व्हावं लागतं. 1956 साली आपण जात सोडून धम्म स्वीकारला. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीत समावेश झाला, तो आपला हक्कच आहे. पण त्या हक्कासाठी कागदावर जात पुन्हा लिहावी लागते. तो कागद समाजकल्याण खात्यासाठी असतो, वर्गासाठी नाही. वर्गात कोणाची जात जाहीर करणं किंवा कोणाला राखीव म्हणून ओळखणं हा भेदभाव आहे, असं यूजीसीने 2012 च्या समता नियमांतच म्हटलं आहे. मग हेच काम पीडीएफने केलं तर ते वेगळं कसं?

कायदा आता आपल्या बाजूने थोडा तरी आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले. सुरक्षेत हयगय केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, मात्र ती टप्प्याटप्प्याने लागू होणार आहे. सरकारी लाभ देताना शासनाला संमतीतून बरीच सूट आहे, हेही लक्षात ठेवावं लागेल. म्हणून केवळ कायद्याच्या भरवशावर बसून चालणार नाही.

आपल्या घरातही पाहू या. गावातल्या ऑनलाइन सेंटरवर कितीतरी मुलांचे आयडी-पासवर्ड एकाच वहीत लिहिलेले असतात. ओटीपी वडिलांच्या फोनवर येतो आणि वडील शेतातून तो फोनवरच सांगतात. आम्हीही सोय म्हणून मुलांचे दाखले स्वतःच्या मोबाईलमध्ये वर्षभर ठेवत होतो. आता अर्ज मंजूर झाला की आम्ही ते पुसून टाकतो.

कॉलेजांकडून आमच्या मागण्या साध्या आहेत. त्रुटीची यादी ग्रुपवर टाकू नका, प्रत्येकाला वेगळा निरोप द्या. यादी लावावीच लागली तर फक्त अर्ज क्रमांक लिहा. जिथे चालतं तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार घ्या. पहिल्या बुधवारचं प्रशिक्षण आधी कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना द्या. आणि चूक झाली तर तक्रार कोणाकडे करायची, त्याचं नाव फलकावर लावा. विद्यार्थ्यांनी पैशांची फसवणूक झाल्यास तासाभरातच 1930 वर फोन करावा.

या कशालाही मोठा निधी लागत नाही. दाखला देणारं मूल मदत मागायला आलेलं नसतं, हक्क घ्यायला आलेलं असतं, एवढं कॉलेजच्या खिडकीपलीकडच्या माणसाने मानलं पाहिजे. येत्या प्रवेशाच्या वेळी पालकांनी आणि विहारातल्या कार्यकर्त्यांनी प्राचार्यांना हे लेखी द्यावं. आम्ही केळझरमधून सुरुवात करत आहोत.