मूळव्याधच असेल म्हणून गप्प बसू नका : शिरोलीतले परप्रांतीय कामगार आणि आतड्याचा कॅन्सर

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांमध्ये उत्तर प्रदेश, बिहारहून आलेले कामगार भट्टीजवळ राबतात. त्यात आपले मुस्लिम भाईही आहेत. शौचातून रक्त पडलं की ‘उष्णता झाली, मूळव्याध असेल’ म्हणून मेडिकलमधून गोळी आणली जाते. दवाखान्यात जायचं तर खाडा होतो, पगार कापला जातो. शिवाय असलं दुखणं सांगायचं कुणाला?

ही अडचण फक्त इथली नाही. इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी शौचाच्या तपासणीचं किट सरकार मोफत घरी पाठवतं. तरीही दक्षिण आशियातून तिथे गेलेल्या कुटुंबांत, मुस्लिम घरांतही, नमुना परत पाठवणारे कमीच. भाषा, लाज, नजासतीचा संकोच आणि ‘त्रासच नाही तर तपासणी कशाला’ ही त्याची कारणं.

आपल्याकडे तर असं किटच येत नाही. सरकारी कार्यक्रमात 30 वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कॅन्सरसाठी तपासणी होते. आतडं त्यात नाही. त्यामुळे ‘कामगारच जागरूक नाहीत’ म्हणणं अन्यायाचं आहे.

मग मार्ग काय? 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. 40 वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी होईल, असं सरकारने जाहीर केलं आहे. ती ठेकेदाराच्या माणसांनाही मिळते का आणि डॉक्टर शौचाबद्दल विचारतात का, हे पाहायला हवं. महिना 21 हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांनी ईएसआय कार्ड मागून घ्यावं. गावाकडचं आयुष्मान कार्ड इथल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं.

रक्त पडणं, काही आठवडे शौचाची सवय बदलणं, विनाकारण वजन घटणं, अंगात रक्त कमी होणं यातलं काहीही दिसलं तर किटची वाट न पाहता थेट डॉक्टरकडे जा. बहुतेकदा मूळव्याधच निघेल, पण ते डॉक्टरला ठरवू द्या. हा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होऊ शकतो.

तपासणीचा नमुना काडीने घेतात. हात धुतले की तहारतचा प्रश्न उरत नाही. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत एवढंच दोन मिनिटं हिंदी-उर्दूत सांगितलं, तर गावापासून दूर एकट्या राहणाऱ्या भाईपर्यंत ते पोहोचेल.