डिस्क अडखळते तेव्हा : आधी प्रत, मग दुरुस्ती

लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांची जागा संगणकाने घेतल्याला आता बराच काळ लोटला. दिवाळीत चोपडापूजन होते, पण वर्षभराचा रोजमेळ आणि खतावणी राहते ती डिस्कवर. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील व्यापारी घरांत बहुधा एखादा जुना संगणक आणि त्याला जोडलेली २ किंवा ४ टीबीची मोठी हार्ड डिस्क असते. तिच्यात पेढीचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, जागेचे दस्तऐवज, लग्नकार्यांची छायाचित्रे, प्रतिष्ठा महोत्सवाचे चित्रीकरण आणि महाराजसाहेबांची प्रवचने असे सारे एकत्र नांदत असते.

मग एके दिवशी त्या डिस्कवरील एखादे फोल्डर उघडताच पडदा पांढुरका होतो, बाण गोल फिरू लागतो आणि ‘प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाची सूचना झळकते. दोन-तीन मिनिटांनी संगणक भानावर येतो, पुढचे फोल्डर उघडताच पुन्हा अडतो. घरात यावर दोनच उपाय प्रचलित आहेत : बटण दाबून संगणक बंद करणे, किंवा ओळखीच्या कारागिराला बोलावून ‘फॉरमॅट’ मारून घेणे. पहिल्या उपायाने दुखणे वाढू शकते आणि दुसऱ्याने डेटा जातो. अशा वेळी निर्णायक ठरतो तो कामाचा क्रम.

डिस्क का अडखळते, हे समजण्यासाठी तिची रचना थोडी पाहावी लागते. हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून अत्यंत सूक्ष्म अंतरावर वाचन करणारे टोक मागेपुढे सरकत असते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती जागा टोकाखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. टोक त्या पट्ट्यावर नेण्यास आणखी ८ ते ९. एका छायाचित्रासाठी ही धडपड एकदाच करावी लागली असे धरले, तरी १०,००० छायाचित्रांच्या फोल्डरला दोन मिनिटे सहज लागतात. विंडोज प्रत्येक छायाचित्राची छोटी प्रतिमा बनवू पाहते, त्याच वेळी विषाणूरोधक प्रणाली प्रत्येक फाइल तपासते आणि शोधसूची बनविणारी यंत्रणाही तेथेच घुटमळत असते. एका गुमास्त्याला चौघांनी एकाच वेळी वेगवेगळी वही काढायला सांगावी, तशी ही गत होते.

ही झाली निरोगी पण दमलेल्या डिस्कची कथा. आजारी डिस्कची कथा वेगळी असते. तबकडीवरील एखादी जागा क्षीण झाली, तर डिस्क हार मानत नाही. तीच जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत राहते. तेवढा वेळ विंडोज उत्तराची वाट पाहत थांबते आणि बाहेरून पाहणाऱ्याला संगणक गोठल्यासारखा दिसतो. पडद्यावरचे लक्षण दोन्हीकडे एकच असते, म्हणून आधी निदान करावे लागते.

निदानासाठी काही प्रश्न पुरतात. डिस्क बराच वेळ पडून राहिल्यानंतर पहिल्यांदा उघडतानाच संगणक थांबतो आणि मग सुरळीत चालतो काय? तसे असेल तर वीज वाचविण्यासाठी झोपलेली डिस्क जागी होत आहे, इतकेच. त्यात भय नाही. छायाचित्रांच्या मोठ्या फोल्डरपुरताच संगणक रेंगाळतो काय? तर तो बहुधा कामाचा भार आहे. परंतु एका ठरावीक फाइलपाशी दर वेळी अडत असेल, नक्कल करताना वेग शून्यावर येत असेल, किंवा फाइलींची नावे विचित्र दिसू लागली असतील, तर डिस्क आजारी असल्याचा संशय धरावा. डिस्कमधून ‘टक्‌ टक्‌’ असा नियमित आवाज येत असेल, तर पुढचा एकही प्रयोग न करता ती बंद करावी. चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटागणिक टोक तबकडीला ओरखडण्याचा संभव वाढतो.

आवाज नसेल, तर पहिले काम दुरुस्तीचे नसून नकलेचे आहे. चांगली दुसरी डिस्क जोडावी आणि महत्त्वाच्या क्रमाने प्रती काढाव्यात : प्रथम हिशेबांचे फोल्डर, मग दस्तऐवज, मग घरची छायाचित्रे आणि शेवटी चित्रपट-गाणी. एकदम सारी डिस्क न उचलता थोडे थोडे न्यावे. ‘कट’ करू नये, ‘कॉपी’च करावी. एखादी फाइल अडली तर तिच्याशी झुंजत न बसता ती सोडून पुढे जावे. विंडोजने ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असे सुचविले, तर नकार द्यावा.

प्रत हाती आली की मगच तपासणीला बसावे. बाहेरून जोडलेली डिस्क असेल, तर वायर बदलून पाहावी आणि हब न वापरता ती संगणकाच्या मागील बाजूच्या यूएसबी खाचेत थेट लावावी. लहान डिस्कला वीज यूएसबीतूनच मिळते. ती अपुरी पडली की डिस्क मधेच गळाठते. त्यानंतर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत साधनाने डिस्कची स्वतःची नोंदवही वाचावी. प्रत्येक आधुनिक डिस्क ‘स्मार्ट’ नावाने अशी नोंद ठेवते. तेथे निळा रंग समाधानाचा, पिवळा सावधगिरीचा आणि लाल धोक्याचा. क्रमांक ०५ समोर बाद करून बदललेल्या जागांची, सी५ समोर संशयित जागांची आणि सी६ समोर वाचता न आलेल्या जागांची संख्या असते. हे आकडे शून्य असणे उत्तम. ते आठवड्यागणिक वाढत असतील तर डिस्कवर विसंबू नये. आतील डिस्कच्या बाबतीत केवळ सी७ वाढत असेल, तर दोष बहुधा जोडणाऱ्या वायरीचा असतो आणि थोडक्या खर्चात काम भागते.

डिस्क निरोगी ठरली, तर फोल्डर ऑप्शन्समधील व्ह्यू या भागात छोट्या प्रतिमांऐवजी केवळ चिन्हे दाखविण्याचा पर्याय निवडावा. गोठणाऱ्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये कस्टमाइझ या भागात ‘जनरल आयटम्स’ ठेवावे. हजारो फाइली एकाच ठिकाणी न साठवता आर्थिक वर्षानुसार वाटाव्यात. चालू वर्षाचा टॅलीचा डेटा संगणकातील एसएसडीवर ठेवावा आणि मोठी डिस्क केवळ साठवणीला वापरावी. एकच शुभेच्छा-चित्र दहा गटांतून येऊन दहादा साठलेले असते; अशा परिग्रहाला निरोप दिला तरी डिस्कचा श्वास मोकळा होतो.

‘चेकडिस्क’ची पाळी सर्वांत शेवटी यावी. तिचा सखोल प्रकार संपूर्ण तबकडी वाचून काढतो. मरणासन्न डिस्कला तो श्रम सोसत नाही. शिवाय मोडक्या नोंदी जुळविताना ती काही फाइलींची नावे व स्थाने गमावू शकते. प्रत नसताना चेकडिस्क चालविणे म्हणजे मूळ दस्तऐवजावरच खाडाखोड करणे होय.

स्वतःला जमले नाही, तर ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, जवळच आहे. तेथे जाण्यापूर्वी आपल्याला डिस्क हवी आहे की डेटा, हे घरात ठरवावे. कंपनीची हमी डिस्क बदलून देण्याची असते, तिच्यातील मजकूर परत देण्याची नसते. डेटा हवा असेल तर बंद तबकडी सामान्य दुकानात उघडू देऊ नये. धुळीचा एक कणही तिला पुरतो. डिस्कवर पॅन, बँक आणि ग्राहकांची माहिती असते, म्हणून अनुक्रमांकासह लेखी पावती घ्यावी.

नकलेचे हे महत्त्व जैन समाजाला नवे नाही. षट्खंडागमावरील धवला टीकेची प्राचीन ताडपत्रे शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे जपली गेली. पण ती अन्यत्र कोठेही नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना या एकुलत्या ठेव्याची चिंता लागली. दोघेही व्यापारी. त्यांच्या खटपटीतून नकला करण्याचे काम सुरू झाले आणि ते अनेक वर्षे चालले. पुढे १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून धवलेचा पहिला खंड प्रकाशित केला. एकूण १६ खंड निघाले. महाबंधाच्या ताडपत्रांतील काही पाने मात्र नकलेआधीच नष्ट झाली होती. सी. पी. टँकवरील हिराबाग धर्मशाळा गिरगावकरांच्या परिचयाची आहे. ती उभारणाऱ्या शेठ माणिकचंदांनी एकच प्रत असण्यातला धोका ओळखला होता.

आजच्या पेढीला हा धोका कायद्याच्या भाषेतही समजून घ्यावा लागतो. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२३-२४ या वर्षाची ती तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती; म्हणजे ते हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत सांभाळणे आले. कंपनीला तर ८ आर्थिक वर्षांची पुस्तके ठेवावी लागतात. घरगुती डिस्कची हमी मात्र बहुधा २ ते ३ वर्षांचीच असते. मधल्या वर्षांचे उत्तर डिस्क देणार नाही, व्यापाऱ्यालाच द्यावे लागेल.

म्हणून तीन प्रतींचा नियम पाळावा : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी. हिंदमाताच्या कापडबाजारात तळमजल्यावर दुकान असलेल्याला ‘अन्य ठिकाण’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस पुन्हा उजाडला तर दुकानातील संगणक आणि त्याच्याच शेजारी ठेवलेली प्रत दोन्ही एकाच पाण्यात जातील. एक प्रत वरच्या मजल्यावरील घरी किंवा दुसऱ्या उपनगरातील भावाकडे असावी. ती संगणकाला कायम जोडूनही ठेवू नये. खंडणीखोर विषाणू शिरला तर जोडलेली प्रतही तो कुलूपबंद करतो.

श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी आणि दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी येते. ज्ञानभांडारातील ग्रंथ त्या निमित्ताने बाहेर काढून झटकले जातात, वेष्टने बदलली जातात, पाने तपासली जातात. ज्या घराने आपले वर्षानुवर्षांचे हिशेब आणि आठवणी डिस्कवर सोपविल्या आहेत, त्या घराने त्याच दिवशी प्रतींची डिस्क जोडावी, तिची नोंदवही वाचावी आणि जुन्या वर्षातील चार-दोन फाइली खरोखर उघडून पाहाव्यात. कपाटात ठेवलेली प्रत उघडते की नाही, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.