उडालेला बल्ब कुठं टाकायचा?

दिवाळीच्या आधी मुदखेडला घरी गेलो होतो. माळा आवरताना चपलेच्या एका खोक्यात दहा-बारा उडालेले सीएफएल सापडले. त्याच त्या वेटोळ्या पांढऱ्या नळ्या. खोका खाली घेताना एक निसटला आणि फुटला. आई लगेच झाडू घेऊन आली.

"अगं, हातानं काय उचलायलीस? त्यात पारा असतो!"

"मग घेताना कुणी का नाही सांगितलं? अन् हे बाकीचे कुठं टाकायचे, ते तरी सांग."

मला सांगता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

एक आधीच स्पष्ट करतो, मी पिवळ्या बल्बचा भक्त नाही. आमच्या काही नातेवाईकांना त्या उजेडाची फार आठवण येते, येऊ दे बापडी. पण त्या बल्बला दिलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग नुसत्या उष्णतेत जायचा. ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला की महिन्याला ९ युनिट. साधारण तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटसुद्धा घेत नाही. २००५ नंतरच्या भारनियमनात ज्याने मराठवाड्यात कंदिलाखाली अभ्यास केलाय, तो विजेच्या बचतीला नावं ठेवणार नाही.

माझं भांडण वेगळं आहे. बचतीचा हिशेब अर्धाच मांडला गेला.

पिवळा बल्ब उडाला की आम्ही पोरं त्याचं टोपण काढून आत पाणी भरायचो आणि त्यातून पुस्तकातली अक्षरं मोठी करून बघायचो. काच, पत्रा, बारीकशी तार, बस्स. कोणाचं काही बिघडत नव्हतं. २००९ मध्ये केंद्राने बचत लॅम्प योजना आणली. जुना बल्ब द्या आणि १५ रुपयांच्या आसपास सीएफएल न्या. वाचलेल्या विजेचे कार्बन क्रेडिट विकून बाकीची किंमत भरून काढायची, अशी कल्पना. म्हणजे बघा, ज्याच्यात काही विषारी नव्हतं तो बल्ब मोजून परत घ्यायची शिस्त जमली. ज्याच्यात तीन ते पाच मिलिग्रॅम पारा होता, तो परत न्यायला मात्र आमच्या गल्लीत आजतागायत कोणी फिरकलं नाही!

आमचा इंजिनिअर भाचा लगेच म्हणेल, "मामा, कोळसा जाळला तरी पारा हवेत जातोच. सीएफएलमुळे वीज वाचली म्हणजे तोही कमी झाला." अगदी कबूल. पण बाळा, हा हिशेब साऱ्या देशाच्या सरासरीचा आहे. फुटलेली नळी सरासरीच्या हातात येत नाही. ती आईच्या झाडूखाली येते, नाहीतर उकिरड्यावर भंगार वेचणाऱ्या पोराच्या हातात. फायदा सगळ्यांनी वाटून घ्यायचा आणि धोका त्या पोराने एकट्याने, हा कुठला न्याय?

२०१६ च्या ई-कचरा नियमांत सीएफएल आले आणि ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. कागदावर छानच आहे. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात तो उत्पादक भेटतो कुठे? मधल्या काळात २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि देशभरात ३६ कोटींहून जास्त एलईडी वाटले गेले. त्यांच्यात पारा नाही, ही मोठीच गोष्ट. पण सर्किट आहे, प्लॅस्टिक आहे, आणि तेही कधीतरी उडणारच. तेव्हा पुन्हा तोच प्रश्न.

माझं मागणं फार नाही. जिथे बल्ब विकला जातो, त्याच दुकानात उडालेल्या बल्बचं एक खोकं असावं, आणि ते खोकं रिकामं करायला बल्ब बनवणाऱ्याने माणूस पाठवावा. थंड पेयांच्या काचेच्या बाटल्या गावोगावी परत गोळा होत होत्याच की! बाटलीत पैसे होते, म्हणून जमलं.

तोवर घरातल्या सगळ्यांसाठी: सीएफएल फुटला तर खिडक्या उघडा, दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर जा, झाडू लावू नका. तुकडे जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बरणीत ठेवा.

ती बरणी पुढे कुठे न्यायची? आमच्याकडची माळ्यावर आहे. तुमच्या गावात काही सोय असेल तर जरूर कळवा. आई वाट बघतेय.