कृत्रिम कातडी आणि आपले कारागीर

शिकाऊ डॉक्टरचा पहिला टाका रुग्णाच्या अंगावर पडू नये, हे आता साऱ्यांना मान्य आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२० च्या नियमांत वैद्यकीय महाविद्यालयांना कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची केली. दरसाल १५० विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयासाठी तिला किमान ६०० चौरस मीटर जागा सांगितली. तेथे टाके घालणे, इंजेक्शन देणे, शिरेत सुई घालणे कृत्रिम अवयवांवर शिकवतात. टाक्यांच्या सरावाची गादी वापरून फाटते, मग नवी घ्यावी लागते. म्हणजे ही मागणी एका खरेदीत संपणारी नाही.

या कामाकडे पालघर, बोईसर-तारापूरच्या कारागिरांनी लक्ष द्यावे, असे आमचे मत आहे. चिंचणी, वरोर, डहाणू या पट्ट्यात दागिन्यांच्या डाय कोरणारे कसबी हात आहेत. डहाणूत रबरी फुग्यांचे कारखाने आहेत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनेही होतात आणि कापडही. साचा, रबर आणि जाळी या तिन्ही गोष्टींची जाण असलेली माणसे एका तासाच्या अंतरात आहेत.

सरावाच्या गादीत कातडी, चरबी आणि स्नायू असे तीन थर असतात. ते बहुधा सिलिकॉनचे, प्रत्येकाचा मऊपणा निराळा. वरच्या थरात बारीक जाळी घातली नाही तर दोरा ओढताच कातडी चिरते. प्लॅटिनमवर घट्ट होणारे सिलिकॉन गंधकाच्या संपर्काने ओलेच राहते. म्हणून फुग्यांच्या कारखान्यात किंवा लॅटेक्सचे हातमोजे घालून ते ओतू नये. सिलिकॉनमधून वीज जात नाही. त्यामुळे विजेच्या चाकूने कापण्याच्या सरावाला ते चालत नाही, तेथे पाणी आणि मीठ धरून ठेवणारे जेल लागते.

आजवर असा सराव डुकराच्या पायांवर आणि कातडीवरही होत आला आहे. आपल्या मुलामुलींपैकी अनेकांना ते नको वाटते. कृत्रिम कातडीने ती अडचण राहत नाही, मात्र जेलमध्ये जिलेटिन असेल तर ते कशाचे, हे विचारून घ्यावे.

परदेशी गादीची हुबेहूब नक्कल करून स्वस्तात विकण्याचा मोह होईल. आमचा त्याला विरोध आहे. हा माल खेळण्यात मोडत नाही. कातडी खऱ्यापेक्षा कडक निघाली तर विद्यार्थ्याच्या हाताला चुकीचा जोर लागतो आणि तीच सवय घेऊन तो रुग्णापुढे उभा राहतो. म्हणून पहिला नमुना दुकानात न नेता शल्यविशारदाच्या हाती द्यावा. त्याने दहा वेळा नापास केला तरी अकरावा करावा.

सुरुवात साध्या गादीपासून करावी. डायवाला, रबरवाला आणि एक डॉक्टर यांनी भागीदारी लेखी करावी. उधारीची मुदतही आधीच ठरवावी, कारण संस्थांकडून पैसा सावकाश येतो. हुन्नर आपल्याकडे आहे. त्याला चोख मालाची जोड द्यावी, म्हणजे गिऱ्हाईक टिकेल.