कॅमेऱ्याला कातडी नाही

आपल्या भद्रावती तालुक्यातलं सीतारामपेठ ठाऊक असेलच. ताडोबाच्या बफरमधलं गाव. 2023 मध्ये तिथे एआय कॅमेरे बसले. वाघ दिसला की गावकऱ्यांच्या मोबाईलवर इशारा येतो. असा कॅमेरा वाघ ओळखायला 'शिकतो' कसा? भरपूर फोटो दाखवायचे, उत्तर चुकलं की आतले आकडे थोडे बदलायचे. बस्स!

मग जो शिकतो, त्याला काही जाणवतं का? त्याला बंद करणं पाप आहे का? हसू नका. सी. एलिगन्स नावाच्या मिलिमीटरभर जंतात फक्त 302 न्यूरॉन असतात, तरी तोही शिकतो. आणि त्याला जीव नाही असं कोणी म्हणत नाही.

माझं मत असं, की नुसतं शिकणं पुरेसं नाही. आपल्या गावातलं पार्श्वनाथाचं मंदिर सगळ्यांनी पाहिलंय. जैन विचारात जिवांची मोजणी इंद्रियांवरून होते. पहिलं इंद्रिय स्पर्श, ते झाडालाही आहे. मग चव, वास, आणि डोळा चौथा. कॅमेऱ्याचं सगळं उलटंच! थेट चौथं इंद्रिय, पहिलंच गायब. जंताला स्वतःचं शरीर जपायचं असतं. कॅमेऱ्याला काय जपायचंय? त्याची चूक त्याच्यासाठी एक आकडा. मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईचा मात्र जीव जातो.

उद्या स्वतःला जपणारं मशीन कोणी बनवलं, तर हा प्रश्न पुन्हा उघडावाच लागेल. तोवर 'मशीन चुकलं' म्हणून हात झटकायचे नाहीत. पाप मशीनला लागत नाही. ते बनवणाऱ्याला लागतं, म्हणजे उद्या आपल्यालाच.